अवकाशातला पैरा

आमच्या थोरल्या जाऊबाईंइतकी बेमुर्वत हुकूमशाही या विश्वात दुसऱ्या कोणी चालवली असेल, असं मला वाटत नाही. आणि विश्वात म्हणते ते उगाच तोंड आहे म्हणून नाही. शिराळा तालुक्यातल्या आमच्या गावी तीन एकर ऊस, दोन म्हशी, लष्करातून निवृत्त झालेला एक हवालदार नवरा आणि समोरच्या आळीतल्या सगळ्या सुना एवढ्यांवर त्यांचा अंमल होता, तोवर माझी काही तक्रार नव्हती. मी सांगलीत राहत होते, सुरक्षित अंतरावर होते. पण तीन वर्षांपूर्वी त्यांनी आपलं राज्य पृथ्वीच्या बाहेर वाढवलं, एक अवकाशयान ताब्यात घेतलं, आणि त्या यानावर मला, म्हणजे हायस्कुलात सव्वीस वर्षं भूगोल शिकवणाऱ्या बाईला, न विचारता नोकरीला लावलं. तेव्हापासून माझ्या अंगाचा जो तिळपापड व्हायला लागला आहे तो आजतागायत थांबलेला नाही.

झालं असं, की त्यांचा मुलगा पुण्याला नोकरीला गेला आणि त्याचा कॉम्प्युटर गावी राहिला. जाऊबाईंनी त्याच्यावर आधी विणलेला रुमाल घातला आणि रुमालावर लग्नातला फोटो ठेवला. आई एकटी पडेल या काळजीने मुलाने फोनवरून तिला एक खेळ शिकवला. इंटरनेटवर जगभरची माणसं एकाच वेळी तो खेळतात. प्रत्येकाला एकेक सोंग मिळतं, चारपाच जणांनी मिळून एक यान घ्यायचं, या ग्रहावरून त्या ग्रहावर जायचं, खाणी खणायच्या, वस्त्या बांधायच्या, राक्षसांशी लढायचं आणि हे सगळं करताना कानाला हेडफोन लावून एकमेकांशी बोलत राहायचं. मुलाचा हिशेब असा, की या निमित्ताने आईशी रोज बोलणं होईल. सहा महिन्यांत त्याचं लग्न झालं आणि तो खेळातून निवृत्त झाला. आई मागे राहिली, आणि नुसती राहिली नाही, बढत्या घेत राहिली. "मी चोवीस वर्षं नोकरी करून हवालदार झालो," आमचे दीर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "आणि ही चार महिन्यांत कॅप्टन. आता मलाच म्हणती, चहा आणा." चहा ते आणतात, हेही सांगितलं पाहिजे.

जाऊबाईंना इंग्रजी येत नाही आणि त्यावाचून त्यांचं काही अडतही नाही. बटणं त्या रंगावरून ओळखतात. सोंग निवडताना पडद्यावर अंतराळातल्या बाया एकामागून एक फिरत होत्या, कोणाचे केस निळे, कोणाच्या डोक्याला शिंगं. त्यांनी त्यातली सगळ्यात ठेंगणी, भरल्या अंगाची बाई निवडली आणि तिला भलंमोठं शिरस्त्राण चढवलं. मी म्हटलं, अक्का, चेहरा दिसत नाही. त्या म्हणाल्या, "पदर न्हाई तर न्हाई, डोस्क्यावर भांडं तरी हाय. धाकल्या दिरानं बघितलं तर काय म्हनंल?" धाकटा दीर म्हणजे माझा नवरा. त्याला या कारणाने आजवर कोणी विचारात घेतलं नव्हतं, त्यामुळे तो मात्र खूश झाला.

मला सर्वांत चीड येते ती त्यांच्या नकाशाची. त्या खेळात शेकडो ग्रह आहेत आणि प्रत्येकाला काहीतरी ऐटबाज नाव आहे. जाऊबाईंनी ती सगळी नावं रद्द केली. जिथे व्यापारी जमतात आणि गलका असतो तो ग्रह म्हणजे लोणंद, कारण लोणंद त्यांचं माहेर आणि बाजार म्हटलं की त्यांना दुसरं काही सुचत नाही. जिथे पाणी नाही, नुसती भेगाळलेली जमीन, तो जत. जिथे वारा सुटतो तो पाचगणी. मी भूगोलाची बाई आहे. नकाशावर एक नदी कोणी बोटभर सरकवली तर मी मुलांना बाकावर उभं करते. आणि मला भर यानात ओरडून सांगितलं जातं, "धाकटे, लोणंदच्या डावीकडनं ये, जतच्या मागं थांब." लोणंदच्या डावीकडे जत! मी एकदा समजावून सांगायला गेले, तर म्हणाल्या, "तुझ्या पुस्तकातलं लोणंद खाली हाय गं. ह्ये वरचं हाय." 

खेळातले राक्षस पांढरे, गुबगुबीत, जमिनीतून वर येणारे किडे आहेत. त्यांना त्या हुमणी म्हणतात. उसाच्या मुळाशी लागणाऱ्या हुमणीने त्यांचं एक वर्ष अर्धं पीक खाल्लं होतं, त्याचा सूड त्या अजून आकाशात घेत आहेत. इतर खेळाडू किडा मेला की पुढे जातात, जाऊबाई आजूबाजूची माती तपासतात, अंडी राहिली असतील म्हणून. लोणंदच्या बाजारात माल विकणारा एक यंत्रमानव आहे. त्याला तीनच वाक्यं येतात. त्याच्याशी त्या पाऊण तास घासाघीस करतात, तो तेच तेच बोलतो आणि त्या म्हणतात, "लय ताठ हाय मेला, पर बोलायला गोड हाय."

माझी भरती कशी झाली ते ऐका. मे महिन्याच्या सुट्टीत मी गावी गेले होते. जाऊबाईंनी मला मुलाच्या जुन्या लॅपटॉपसमोर बसवलं, कानाला हेडफोन अडकवला आणि म्हणाल्या, "शाळंत पोरं पडली झडली तर मलमपट्टी करतीस न्हवं? मग हितं बी कर." अशी मी यानाची वैद्य झाले. पहिल्याच लढाईत मला कोणतं बटण दाबायचं ते समजेना आणि मी सगळ्यांना बरं करण्याऐवजी एका जागी उभी राहून टाळ्या वाजवत राहिले. "धाकटे, कुठं तडमडलीस? आमी हितं मरतोय आन तू टाळ्या वाजिवतीस व्हय गं?" हे वाक्य मी एकटीने ऐकलं असतं तर सोसलं असतं. पण त्या हेडफोनातून ते सबंध यानाने ऐकलं. माझ्या वर्गात मी शिरले की पाखरू फडफडत नाही, आणि इथे परक्या माणसांसमोर ही शोभा. मी त्या दिवशी हेडफोन आपटून उठले. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले ते केवळ कोणतं बटण दाबायचं होतं ते पाहून ठेवावं म्हणून. सांगलीला परत आल्यावरही शाळा सुटली की पाच वाजता मी बसायला लागले, तेही त्याच कारणासाठी.

यानावर आणखी दोघं होती. एक साताऱ्याचा, तिथल्या कुठल्याशा कारखान्यात लेथ चालवणारा, म्हणून यानाची यंत्रं त्याच्याकडे. त्याला जाऊबाई सातारकर म्हणत. दुसरा जत तालुक्यातला, कर्नाटकाच्या अगदी हद्दीवरचा, घरची मेंढरं राखत मोबाइलवर खेळणारा. बोलताना वाक्याच्या शेवटी 'री' लावायचा. हा यान चालवायचा, म्हणून तो पायलट. यानावर कोणी नवा आला की इतर कॅप्टन विचारतात, तुझ्याकडे हत्यार कोणतं. जाऊबाई विचारतात, "गाव कंचं?" मग घरात कोण कोण, जमीन किती, पाण्याची सोय काय. समोरून हुमणीची झुंड येत असायची आणि त्या पायलटला विचारत असायच्या, "आईचा गुडघा कसा हाय? तेल लावलं का?" तोही यान गरकन वळवत सांगायचा, "लावलं री कॅप्टन, पर फरक न्हाई." मी मात्र मधल्या मध्ये टाळ्या वाजवल्या तर गुन्हा.

शिस्त फक्त आम्हाला. स्वतः त्या लढाई ऐन रंगात आली असताना उठून जात, कारण रानातल्या मोटारीची थ्री फेज लाइट आलेली असे. "आली गं बाई लाइट, मोटर चालू करून येते, तवर सांबाळा," एवढंच कानात यायचं आणि कॅप्टन पुतळ्यासारख्या उभ्या. आम्ही तिघं त्या पुतळ्याभोवती कडं करून लढायचो. पंधरा मिनिटांनी त्या यायच्या आणि विचारायच्या, "एवढंच मारलं व्हय?"

आणि तो नाग! तीन आठवडे आम्ही एका मोहिमेची तयारी केली होती. सातारकराने रजा काढली होती, मी उत्तरपत्रिका तपासायच्या ठेवल्या होत्या. शेवटच्या गुहेत पोहोचलो तर समोर यानाच्या दुप्पट मोठा, फणा काढलेला अवकाशनाग. त्याला मारलं की मोहीम फत्ते. जाऊबाईंनी बंदूक खाली केली. "मी शिराळ्याकडची सून हाय," त्या म्हणाल्या. "जिथं नागाला पुजत्यात तिथं माझं कुंकू हाय. मी न्हाई मारायची, आन कुनाला मारू बी द्यायची न्हाई." सातारकर रडकुंडीला येऊन म्हणाला, "आवं अक्का, त्यो खरा न्हाई." त्या म्हणाल्या, "मग मारून तरी काय मिळनार हाय?" एवढं होईपर्यंत नागाने आम्हा चौघांना गिळलं. मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

पण खरा कहर केला तो त्यांच्या पैऱ्याने. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पैरा म्हणजे आज तुम्ही माझ्या रानात राबलात, उद्या मी तुमच्या रानात राबायचं. मजुरी नाही, लिहिणं नाही, सगळं तोंडी. माणसाच्या बदल्यात माणूस आणि दिवसाच्या बदल्यात दिवस. आमच्या गावात हा प्रकार कधीच बंद पडला, पण जाऊबाईंनी तो यानावर सुरू केला. खेळात खरं तर सगळी कमाई कॉम्प्युटरच वाटून देतो. जाऊबाई म्हणत, "त्यानं काय वाटायचं ते वाटू दे. आपलं आपल्यात." सातारकराने त्यांची खाण खणून दिली, की त्या दुसऱ्या दिवशी त्याच्या वस्तीवर हजर, हातात अवकाशातली कुदळ. एकदा कोण्या परदेशी माणसाने, जाताजाता, त्यांच्यावर आलेले दोन किडे मारले. दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं. जाऊबाई दोन दिवस त्या माणसाच्या मागे मागे फिरल्या, त्याच्यासाठी किडे मारायला. तो पळाला की या पळायच्या, तो ग्रह बदलायचा की या ग्रह बदलायच्या. त्या बिचाऱ्याला वाटलं असेल, ही बाई आपल्या जिवावर उठली आहे. त्याने शेवटी आपलं सोंगच बदललं, असं सातारकर म्हणतो. जाऊबाईंना मात्र त्याची चुटपुट लागून राहिली.

गेल्या संक्रांतीनंतर आमच्या वस्तीवर हुमणीचा मोठा हल्ला झाला आणि जाऊबाईंनी तीन वर्षांत उभा केलेला घुमट कोसळला. तो नव्याने बांधायला दगड आणायचा होता पार दुसऱ्या टोकाच्या ग्रहावरून. पायलट आठ दिवस खेपा घालत होता. खेळातलं आपलं कोणतंही काम न करता, सकाळी मेंढरं सोडायच्या आधी आणि दुपारी मेंढरं झाडाखाली बसली की, एकटा. घुमट उभा राहिला. जाऊबाईंनी जाहीर केलं, "आठ दिवसं तुझी झाली पायलट. उद्यापास्नं तुझ्या वस्तीवर आमी." दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं त्याच्या वस्तीवर कुदळी घेऊन उभे, आणि पायलट आला नाही. तिसऱ्या दिवशी नाही. आठवडा गेला, पंधरवडा गेला. त्याच्या सोंगापुढचा हिरवा दिवा काही लागेना, आणि त्याचा फोन नंबर आमच्यापैकी कोणीच कधी घेतला नव्हता.

इथून पुढे जाऊबाईंनी जे चालवलं त्याला वेडेपणा हा शब्द फार सौम्य आहे. पायलटशिवाय यान उडत नाही. दुसरा पायलट घ्या, असं सातारकराने सुचवलं. तीन जण यायला तयार होते, त्यातला एक तर नामांकित. जाऊबाई म्हणाल्या, "त्याची आठ दिवसं माझ्या अंगावर हायत. ती फेडल्याबिगर त्या खुर्चीत दुसरा बसवू? माणसं हाओत का आपुन?" यान धक्क्याला लागलं ते लागलं. त्या रोज दुपारी बंद यानात येऊन बसायच्या, नुसत्या. मला मोहीम नाही, लढाई नाही, कोणाला मलमपट्टी नाही. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मला या खेळात काडीचा रस नव्हता, हे मी आधीच सांगितलं आहे, पण तीन आठवडे यान उभं म्हणजे काय! मी चिडून म्हटलं, "अक्का, तो खेळ आहे. लोक खेळतात, कंटाळतात, सोडून जातात. त्यात कोणी कोणाचं देणं लागत नाही." त्यांनी आपलं सोंग पायलटच्या रिकाम्या खुर्चीकडे वळवलं. मग म्हणाल्या, "त्यो सांगितल्याबिगर जानाऱ्यातला न्हाई गं. त्याला कायतरी झालंय."

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी सात वाजता माझ्या फ्लॅटची बेल वाजली. दारात जाऊबाई, नऊवारी नेसून, खांद्याला पिशवी. पिशवीतून दोन विळ्यांची टोकं बाहेर आलेली आणि भाकऱ्यांचं गाठोडं. मला वाटलं कोणाला दवाखान्यात न्यायचं आहे. "जतला जायचंय," त्या म्हणाल्या. "सुगी चालू हाय तिकडं. आठ दिवसं तिथं न्हाई फेडता आली, तर हितं फेडायची. चल, गाडी हाय आठची." माझ्या दहावीच्या मुलांची परीक्षा तोंडावर आली होती. शनिवारचा जादा तास होता. मी हे सगळं तारस्वरात सांगितलं. त्यांनी शांतपणे माझ्या चपला माझ्यापुढे सरकवल्या. मी शाळेत फोन करून काय सांगितलं ते इथे सांगण्यासारखं नाही.

एसटीत मला एक शंका आली. "अक्का, गाव माहीत आहे. पण त्याचं नाव काय?" जाऊबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "नावाचं काय करायचं? पायलट म्हनलं की वळतुया." तीन वर्षं रोज बोलत होत्या, मेंढरांची संख्या विचारली, आईच्या गुडघ्याचं तेल विचारलं, आणि नाव विचारलं नाही! मी कपाळाला हात लावला तो जत येईपर्यंत तसाच होता. पुढे वडापच्या, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या, जीपने त्या गावात उतरलो, तर थांब्यापाशी पाण्याचा टँकर आलेला आणि भोवती घागरींची रांग. जाऊबाई थेट रांगेत शिरल्या आणि एका म्हाताऱ्याला म्हणाल्या, "आवं दाजी, हितं पायलट कुठं ऱ्हातो?"

"पायलट?" म्हातारा म्हणाला. "बाई, आमच्यात रस्ता धड न्हाई, इमान कुठलं बगताय री?"

सगळी रांग हसायला लागली. मी टँकरच्या आड उभी राहिले. जाऊबाईंनी मात्र कमरेला पदर खोचला आणि सुरुवात केली. बेचाळीस मेंढरं, त्यातलं एक लंगडं. आईचा उजवा गुडघा धरलेला. बायको बाळंतपणाला विजापूरकडे माहेरी. दारात लिंब, कुत्र्याचं नाव टायगर, आणि हा बाबा बोलता बोलता मधेच कन्नडमध्ये शिंकतो. हे शेवटचं मला अजून समजलेलं नाही, पण रांगेतल्या एका बाईला समजलं. ती म्हणाली, "टँकरवरनं पडला त्यो व्हय? चला, दावते."

लिंबाखाली बाजेवर तिशी-पस्तिशीतला एक काळासावळा माणूस बसला होता. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरात. मेंढरांच्या जोडीला तो पाण्याच्या टँकरवर कामाला जायचा, त्याच्या शिडीवरून घसरला होता, आणि ज्यावर खेळायचा तो मोबाइल चाकाखाली गेला होता. जाऊबाई अंगणात शिरता शिरता ओरडल्या, "पायलट, गैरहजर ऱ्हायाच्या आदी सांगायची रीत न्हाई व्हय रं?" तो माणूस ताडकन उभा राहिला. त्याने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आवाज ऐकला आणि त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. "कॅप्टन," तो म्हणाला, "तुमी खरंच आला री?" त्याची आई आतून आली, तिला मराठी येत नव्हतं, ती नुसती "बर्री, कुंद्री" म्हणत आमचे हात धरून बसवत होती. जाऊबाई आल्या आल्या तिच्या गुडघ्यापाशी बसल्या.

घरामागे दोन एकर ज्वारी वाळून उभी होती आणि पाखरं तिच्यावर तुटून पडली होती. गावातला जो तो आपापल्या रानात गुंतलेला. एका हाताच्या माणसाने आणि एका गुडघ्याच्या म्हातारीने काय करायचं? जाऊबाईंनी पिशवीतून विळे काढले, तर पायलट संकोचून म्हणाला, "ह्ये कशाला आनलं री? आमच्यात ज्वारी उपटत्यात." आम्ही उसाकडच्या माणसांनी विळे घासून आणले, आणि इथे हाताने मुळासकट उपटायचं! 'जिरायती ज्वारी' या दोन शब्दांवर मी सव्वीस वर्षं मुलांना गुण दिले आहेत आणि कापले आहेत. त्या दोन शब्दांत किती धाटं असतात हे मला त्या दुपारी कळलं. पहिल्या तासाभरात तळहाताला फोड आले, दुसऱ्या तासात ते फुटले. जाऊबाईंनी यानावरची शिस्त तशीच रानात लावली होती. पायलट बांधावर बसून डाव्या हाताने दिशा दाखवत होता, कारण कोणती पात आधी वाळली ते त्याला माहीत. मला डावी बाजू. "धाकटे, मागं ऱ्हायलीस!" हे मी पृथ्वीवरही ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणून सातारकर मोटारसायकलवरून आला. प्रत्यक्षात तो अगदी बारीक आवाजाचा, चष्मेवाला, टक्कल पडलेला माणूस निघाला. आम्ही तिघं एकमेकांकडे बघून क्षणभर लाजलो आणि कामाला लागलो.

रविवारी संध्याकाळी मी हाताला चिंध्या गुंडाळून सांगलीला परत आले. जाऊबाई राहिल्या. आठ म्हणजे आठ. सोमवारी वर्गात मला खडू धरता येईना, आणि गावाहून दिरांचा रोज फोन, म्हशी दूध देत नाहीत, तिला घेऊन ये. पुढच्या रविवारी पुन्हा जतला गेले. रान मोकळं झालं होतं, कडब्याच्या पेंढ्या रचून झाल्या होत्या. निघताना पायलटने सांगितलं, की हात सुधारायला सहा महिने लागतील, टँकरचं काम गेलंच आहे, सासऱ्यांनी विजापूरकडे बोलावलंय, मेंढरं घेऊन महिनाअखेर तिकडेच जाणार. खेळ आता जमायचा नाही. "दुसरा पायलट घ्या री कॅप्टन," तो म्हणाला. जाऊबाईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "बाळाचं नाव काय ठिवलं ते कळीव." यावेळी त्यांनी नंबर लिहून घेतला. त्याचं नाव मात्र या वेळीही विचारलं नाही.

परतीच्या एसटीत मी माझ्या रजेबद्दल, हातांबद्दल, मुख्याध्यापकांच्या बोलण्याबद्दल तासभर बोलत होते. जाऊबाई एकदाही मला गप्प बस म्हणाल्या नाहीत, तेव्हा मला काळजी वाटली. मी विचारलं, "काय झालं?"

"फिटलं," त्या म्हणाल्या.

"मग बरंच झालं की. त्याच्यासाठीच आलात ना?"

"त्येच की." त्यांनी बाहेरच्या मोकळ्या रानांकडे बोट केलं. "मी लग्न होऊन आले तवा ऊस लावायच्या वक्ताला दारात नऊ बायका यायच्या. कुनाची दोन दिवसं माझ्याकडं, माझी तीन कुनाकडं. सारखं कुनाचं तरी ऱ्हायलेलंच असायचं, म्हणून सारखी ये-जा. आता टोळी येती, मशीन येतं. कुनाचं कुनाकडं कायबी ऱ्हात न्हाई. मग कोन कशाला यील? समोरच्या आळीतली बाई मला म्हयनाम्हयना दिसत न्हाई." मग हळूच म्हणाल्या, "पायलटची आठ दिवसं अंगावर व्हती तवर बरं वाटत व्हतं गं."

मला फार वाईट वाटलं. माझ्या पहिल्या बाळंतपणात या बाईने चाळीस दिवस माझ्याकडे राहून मला न्हाऊमाखू घातलं. माझं ऑपरेशन झालं तेव्हा भर उसाच्या लागणीत घर सोडून आल्या. मी त्यातला एक दिवसही कधी फेडला नाही आणि त्यांनी कधी तो विषय काढला नाही. तीन वर्षं मी त्या यानावर तणतणत बसले आणि ही बाई तिथे काय गोळा करते आहे हे मला दिसलं नाही. मला वाईट वाटलं की रागच येतो, आणि तो आला.

"आणि माझ्या दोन दिवसांचं काय?" मी गाडीतली माणसं वळून बघतील एवढ्या मोठ्याने म्हटलं. "शनिवार-रविवार मी राबले. हाताची सालं निघाली. पैरा पायलटचा तुमच्या अंगावर होता, माझ्या नव्हता. माझे दोन दिवस कोण फेडणार?"

"तुझा कसला पैरा?" त्या चकित होऊन म्हणाल्या. "तू घरची."

"घरची म्हणून फुकट? ते चालायचं नाही. दोन दिवस म्हणजे दोन दिवस. यायचं आणि फेडायचं."

जाऊबाई सरळ होऊन बसल्या, पदर सावरला, आणि कॅप्टनच्या आवाजात म्हणाल्या, "बरं. काय काम हाय तुझं, सांग."

मी मनातल्या मनात घरभर फिरले. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. गॅलरीत चार कुंड्या, त्यातल्या दोन रिकाम्या. मी म्हटलं, निघालं की सांगते.

पायलटची खुर्ची आता माझ्याकडे आहे. यान मी तीनदा लोणंदवर आपटलं आणि तीनही वेळा सबंध विश्वासमोर शिव्या खाल्ल्या. खेळ संपला की मात्र जाऊबाई लगेच उठत नाहीत. हेडफोन काढायच्या आधी, आवाज जरा खाली आणून विचारतात, "धाकटे, काय काम निघालं का?"

"अजून नाही निघालं, अक्का," मी सांगते.

"निघालं की लगीच कळीव. मी ईन."

मी हो म्हणते. घरात काय लागेल ते एकटीने उरकते, कुंड्यांना पाणी घालते, माळा झाडते, आणि त्यांच्यासाठी काही काम निघणार नाही, याची फार काळजी घेते.